व्हिएन्नातले सहा दिवस, तीन वाद्यं आणि एक चेलो

दिवस पहिला

विमान संध्याकाळी उतरलं. भाची घ्यायला आली होती, तिच्या हातात माझ्यासाठी एक जाड मफलर, कारण मार्च संपत आला तरी वारा असा बोचरा की ठाण्याहून आणलेला स्वेटर नुसता नावाला. ती इथे एका लॅबमध्ये काम करते, तीन वर्षं झाली, आणि तीन वर्षं मला म्हणत होती, "मावशी, तू ये गं एकदा, तुझ्या त्या ट्रिओचं गाव आहे हे." शेवटी निवृत्त झाले आणि आले.

ट्रिओचं सांगते, कारण त्यासाठीच हा प्रवास होता. मी गेली तीसेक वर्षं पेटीची साथ करते. मोठ्या स्टेजवर नाही, आपल्या घरगुती मैफली, नाट्यगीतांचे कार्यक्रम, मुलांच्या गांधर्वच्या परीक्षा, असं. बँकेत असताना वांद्र्याचे एक गोवन सहकारी होते, घरी सगळे व्हायोलिन वाजवणारे, त्यांनी एकदा मला बोझार ट्रिओ नावाच्या तिघा वादकांची कॅसेट दिली, म्हणाले तुम्ही वाजवता ना, मग हे ऐका. पियानो, व्हायोलिन आणि चेलो, बस, तीनच माणसं. त्यात शूबर्ट या व्हिएन्नाच्या संगीतकाराचा ई फ्लॅट या पट्टीतला ट्रिओ होता, म्हणजे या तीन वाद्यांसाठी लिहिलेली रचना. पियानो संथ चालीत पावलं टाकल्यासारखे स्वर देतो आणि त्यावर चेलो गायला लागतो. मी ते लोकलमध्ये वॉकमनवर ऐकलं आणि डोक्यात पहिला विचार हा आला की यात साथीला कोण आहे? कारण मला तेच ऐकायची सवय, गाणारा कोण आणि मागे कोण. इथे दर मिनिटाला जागा बदलत होती. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागलाय.

भाचीचं घर सहाव्या जिल्ह्यात, म्हणजे आपल्याकडे वॉर्ड म्हणतो तसं. असे ट्रिओ लिहिणारा जुना संगीतकार हायडन, त्याचं घर तिथून चालत पाच मिनिटांवर. वरणभात खाल्ला आणि झोपले.

दिवस दुसरा

सकाळी आधी जुन्या वाद्यांचं संग्रहालय. हे नॉय बुर्ग नावाच्या राजवाड्यात आहे, एकेका दालनात इतके पियानो की बघून संपत नाहीत. माझ्यासारख्यांनी व्हिएन्नात आल्यावर पहिल्यांदा इथेच यावं असं मला मनापासून वाटतं, कारण इथे माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर काचेआड उभं होतं.

आंटोन वाल्टर हा मोझार्टच्या काळातला व्हिएन्नाचा नावाजलेला पियानो बनवणारा. त्याचा पियानो पाहिला. आजच्या पियानोसमोर हे वाद्य म्हणजे पाय लावलेली नाजूक पेटीच. पाच सप्तकं, ६१ पट्ट्या, आजच्या पियानोला ८८ असतात. आत लोखंडी चौकट नाही, सगळं लाकूड, हातोड्या एवढ्याशा आणि त्यांना फेल्टऐवजी कातडं लावलेलं. पायात पेडल नाही, पट्ट्यांच्या खाली एक दांडी असते ती गुडघ्याने वर ढकलायची. त्याचा आवाज मी भाचीच्या मोबाइलवर ऐकला, तिथेच बाकावर बसून. वरचे स्वर सुंदर, बोलल्यासारखे स्पष्ट, पण खालचे, म्हणजे खर्जाचे, लगेच विरून जातात.

आणि म्हणून चेलो! हायडनच्या ट्रिओंत चेलो बराच वेळ पियानोच्या डाव्या हाताचेच स्वर वाजवत असतो. लोक म्हणतात चेलोला काम दिलेलं नाही. पण त्या वाद्यासमोर उभं राहिलं की कळतं, डावा हात कमी पडत होता, खर्ज टिकत नव्हता, तो धरून ठेवायला कोणीतरी हवं होतं. आपण पेटीवर गायकाचा सा धरून ठेवतो ना, अगदी तेच काम. छापील प्रतीवर नावसुद्धा तसंच असायचं, पियानोसाठी सोनाटा, व्हायोलिन आणि चेलोच्या साथीसह. साथीसह! मी तो शब्द भाचीकडून दोनदा वाचून घेतला.

तिथे अजून एक वाद्य होतं ज्याच्यापुढून मी हललेच नाही. बॅरिटॉन. दिसायला चेलोसारखं, पुढच्या तारा गजाने वाजवायच्या, आणि मानेच्या मागे दुसऱ्या तारांची रांग. त्या आपोआप झणझणतात, म्हणजे आपल्या सारंगीच्या तरफांसारख्या, आणि शिवाय वाजवणारा डाव्या हाताच्या अंगठ्याने त्या मागून छेडूही शकतो. तरफेच्या तारा युरोपात! हायडनचा मालक, प्रिन्स निकोलाउस एस्टरहाझी, हे वाद्य वाजवायचा, आणि त्याच्यासाठी हायडनने बॅरिटॉन, व्हायोला आणि चेलो अशा तिघांसाठी सव्वाशेच्या आसपास ट्रिओ लिहिले. १७६५ मध्ये तर त्याला लेखी ताकीद मिळाली होती की प्रिन्सला वाजवता येईल असं अजून लिहीत जा. नोकरीच ती.

दुपारी हायडनचं घर. इथे १ ते २ बंद असतं म्हणून आधी जेवून गेलो. १७९७ पासून ३१ मे १८०९ ला वारला तोपर्यंत तो इथे राहिला, मागे छोटीशी बाग आहे, आणि एक खोली ब्राम्स या नंतरच्या संगीतकाराच्या आठवणीसाठी ठेवलीय, त्याचं स्वतःचं घर पाडलं गेलं तेव्हा त्यातलं सामान इकडे आणलं. मला हे फार आवडलं. ट्रिओच्या परंपरेतला पहिला आणि जवळपास शंभर वर्षांनंतरचा, दोघं एकाच छताखाली.

दिवस तिसरा

आयझेनश्टाट. व्हिएन्नापासून दक्षिणेला पन्नासेक किलोमीटर, बसने सव्वा तास धरून चाला. वाटेत पवनचक्क्या आणि अजून न फुटलेले द्राक्षमळे, नाशिककडे गेल्यासारखं वाटलं, फक्त माती निराळी.

एस्टरहाझींचा वाडा पिवळा, भव्य, आत हायडन-झाल नावाचा मोठा हॉल, छताला चित्रं. हायडन १७६१ मध्ये या घराण्याच्या नोकरीत लागला. हॉल बघताना मला उगाच सारखं वाटत राहिलं की हे सगळं ऑर्केस्ट्रासाठी ठीक, पण ट्रिओ इथला नाही. चेंबर म्युझिक म्हणजेच खोलीतलं संगीत. तो दिवाणखान्यातला प्रकार, आपल्या बैठकीसारखा, जिथे वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. वाड्यापासून थोडं चाललं की हायडनचं स्वतःचं छोटं घर लागतं, १७६६ मध्ये त्याने घेतलं, दोनदा आगीत सापडलं आणि प्रिन्सने ते पुन्हा बांधायला मदत केली. तिथल्या बुटक्या छताच्या खोल्यांत मला ट्रिओ जास्त दिसला.

मग बेर्गकिर्खे हे चर्च, जिथे त्याची समाधी आहे. ही गोष्ट माहीत नसेल तर सांगते. हायडन वारला तेव्हा व्हिएन्ना नेपोलियनच्या ताब्यात होती, साधेपणाने पुरलं त्याला, आणि काही दिवसांत दोघातिघांनी पैसे चारून त्याची कवटी पळवली, कवटीच्या आकारावरून बुद्धी कळते असं तेव्हा मानणारे लोक होते. १८२० मध्ये शव आयझेनश्टाटला हलवताना उघडलं तर डोकं नाही. चोरांनी भलतीच कवटी आणून दिली. खरी कवटी हातोहात फिरत शेवटी १९५४ मध्ये इथे आली, आणि ती दुसरी बाहेर काढलीच नाही म्हणून आज त्या समाधीत दोन कवट्या आहेत. पांढऱ्या संगमरवराजवळ उभी राहून मी हात जोडले. ज्या माणसाने ४५ च्या आसपास पियानो ट्रिओ लिहिले त्याला १४५ वर्षं धड विश्रांती नाही, फार वाईट वाटलं मला.

दिवस चौथा

आज बीथोवन आणि रात्री मैफल, म्हणजे कॉन्सर्ट, त्यामुळे सकाळपासूनच अंगात उत्साह.

पास्क्वालाटीहाउस हे घर जुन्या तटबंदीवर आहे, चौथा मजला, लिफ्ट नाही, गोल गोल जिना. गुडघे धरून धरून चढले. बीथोवन इथे १८०४ नंतर मध्ये मध्ये सोडून बरीच वर्षं राहिला, आणि आर्चड्यूक ट्रिओ, ओपस ९७ (ओपस म्हणजे कृतीचा क्रमांक), त्याने १८११ च्या मार्चमध्ये लिहून काढला तो याच वर्षांत. खिडकीतून समोर आता युनिव्हर्सिटी दिसते. मी बराच वेळ त्या खिडकीशी उभी होते. मार्चच होता ना आत्ताही.

बीथोवनने पहिली म्हणून जी कृती छापली, ओपस १, ते तीन पियानो ट्रिओच होते, १७९५, आर्टारिया या प्रकाशकाकडून. आधी गिऱ्हाइकं गोळा केली, सव्वाशेच्या आसपास लोकांनी नावं नोंदवली, अर्पण केलं प्रिन्स लिखनोव्स्कीला. ज्याला तोपर्यंत दिवाणखान्यातलं हलकंफुलकं समजत होते त्याला त्याने सिंफनीसारखे चार भाग दिले. हायडनने ऐकलं, कौतुक केलं, पण तिसरा सी मायनरमधला छापू नको म्हणाला, असं बीथोवनचा शिष्य फेर्डिनांड रीस याने लिहून ठेवलंय. बीथोवनला तो तिसराच सगळ्यात आवडता. गुरुशिष्यांत असं होतं, आपल्याकडेही घराणं सोडून काही केलं की गुरुजी म्हणतात हे आत्ता नको.

खाली उतरून पाच मिनिटं चालत रेनगासेला गेलो. इथे 'रोमन सम्राट' नावाचं हॉटेल होतं, ११ एप्रिल १८१४ ला आर्चड्यूक लोकांसमोर पहिल्यांदा वाजला तो तिथे. पियानोवर स्वतः बीथोवन, व्हायोलिनवर इग्नाझ शुपान्त्सिग, चेलोवर योझेफ लिंके. तोपर्यंत बीथोवनचे कान जवळपास गेलेले. लुई श्पोर या व्हायोलिनवादकाने तालीम ऐकली होती, त्याने लिहिलंय की जोरात वाजवायचं तिथे बीथोवन इतकं ठोकायचा की तारा खडखडायच्या, आणि हळू वाजवायचं तिथे इतकं हळू की स्वरच उमटायचे नाहीत. स्वतःला ऐकूच येत नाही तर जोर किती लावायचा हे कळणार कसं? त्यानंतर काही आठवड्यांनी एकदा वाजवला आणि मग पियानो ट्रिओला तो कधीच बसला नाही. मी त्या रस्त्यावर उभी राहून त्या दुसऱ्या दोघांचा विचार करत होते. शुपान्त्सिग आणि लिंके. समोरचा माणूस आपल्याला ऐकत नाहीये, आणि तरी त्याला धरून ठेवायचं, सोडायचं नाही, पुढे जायचं नाही. मोठा गायक म्हातारपणी सुरात डगमगतो तेव्हा पेटीवाल्याच्या पोटात काय कालवतं ते मला विचारा. लिंकेचं नाव लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

संध्याकाळी मुझिकफेराइन, म्हणजे इथलं प्रसिद्ध संगीत सभागृह. टीव्हीवर १ जानेवारीला जो सोनेरी हॉल दिसतो तो याच इमारतीत, पण आमची तिकिटं छोट्या हॉलची, ब्राम्स-झालची. १८७० च्या जानेवारीत हा हॉल सुरू झाला तेव्हा पहिला कार्यक्रम पियानोवादक क्लारा शूमानने केला होता. साधारण सहाशे माणसं बसतील. क्लाराने स्वतःही १८४६ मध्ये एक ट्रिओ लिहिलाय, जी मायनर, ओपस १७, तो ऐकायला हवा सगळ्यांनी, विशेषतः बायकांनी, घरात लहान मुलं असताना लिहिलेला आहे तो.

आम्ही चौथ्या रांगेत. वाजवणारे तिघं तरुण. पियानोचं झाकण पूर्ण उघडं, त्याच्या पुढे डावीकडे व्हायोलिनवाली, उजवीकडे चेलोवाला. पियानोवाल्याला दोघांच्या पाठीच दिसतात, त्यामुळे तो त्यांचे खांदे बघून वाजवतो, हे मला पहिल्यांदा कळलं. खांदा किंचित वर गेला की श्वास घेतला, श्वास घेतला की सम आली.

पहिला बीथोवनचा ओपस ७० मधला पहिला, ज्याला घोस्ट म्हणतात. तिघं एकदम एकच स्वरावली घेऊन धावत सुटतात आणि अचानक एका परक्या स्वरावर थांबतात, आणि तो स्वर चेलो धरून ठेवतो आणि तिथूनच गायला लागतो. बघा, कुठे डाव्या हाताची सावली आणि कुठे हे. ओपस ७० आहे १८०८ चा, हायडन अजून जिवंत होता तेव्हा. मधला संथ भाग इतका काळोखी की हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही.

मध्यंतरानंतर ब्राम्सचा ओपस ८. विशीत लिहिला आणि १८८९ मध्ये, पस्तीस वर्षांनी, परत काढून नव्याने बांधला, तोच आज वाजवतात. सुरुवातीला पियानो आणि लगेच चेलो, आणि व्हायोलिनवाली नुसती बसून. मांडीवर व्हायोलिन आडवं, गज हातात, मान खाली, चेलो ऐकतेय. किती वेळ! आपल्याकडे तबलजी विलंबितच्या आलापात असा बसतो. आणि मग ती आली ना, वरून, तेव्हा भाचीने माझा हात धरला, जिला यातलं काही माहीत नव्हतं म्हणायची.

दिवस पाचवा

आजचा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही.

भाचीच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त दाताचे डॉक्टर आणि त्यांच्या बाई राहतात. ते चेलो वाजवतात, बाई व्हायोलिन, आणि शेजारच्या गल्लीतल्या एक शिक्षिका पियानोवर, दर पंधरा दिवसांनी जमतात. कार्यक्रम वगैरे नाही, श्रोते नाहीत, आपल्यासाठी. याला हाउसमुझिक म्हणतात, घरातलं वाजवणं, आणि हायडन-मोझार्टच्या काळी ट्रिओंच्या प्रती विकत घेणारे लोक हेच असायचे, घरी पियानो असलेले हौशी, त्यात बायका पुष्कळ. भाचीने त्यांना सांगितलं होतं की माझी मावशी येतेय, तीही वाजवते. त्यांनी बोलावलं.

दारात चपला काढायच्या, घरासारखं वाटलं. खोली आपल्या हॉलएवढीच, एका भिंतीला पियानो, पुस्तकं, खिडकीत कुंड्या. मी चेलोपासून इतकी जवळ की गज पूर्ण ओढला की माझ्या गुडघ्यापाशी यायचा. जमिनीवर लाकडात बारीक बारीक भोकं पडलेली, चेलोचा खालचा टोकदार पाय रोवून रोवून, चाळीस वर्षांची असतील. डॉक्टरांनी खिशातून एक जुना रुमाल काढला, त्यात गुंडाळलेला राळेचा खडा, अर्धा झिजून मधोमध खळगा पडलेला, तो गजाच्या केसांवर सावकाश फिरवला. पांढरी पूड उडून पँटीवर पडली. मग पियानोवर शिक्षिकाबाईंनी ए हा स्वर दिला आणि दोघांनी तारा जुळवल्या, तारा जुळवताना दोघांचे डोळे मिटलेले.

हायडनचा जी मेजर ट्रिओ, शेवटच्या जिप्सी ढंगाच्या भागामुळे प्रसिद्ध आहे तो. १७९५ मध्ये लंडनला असताना लिहिला आणि रेबेका श्रोटर नावाच्या विधवा बाईला अर्पण केला. ती त्याच्याकडे शिकायची, जीव होता दोघांचा एकमेकांवर, तिची पत्रं हायडनने स्वतःच्या वहीत उतरवून ठेवली म्हणून आज ती वाचायला मिळतात. संथ भाग त्यांनी फार सुंदर वाजवला. शेवटचा भाग, रोंडो म्हणतात तो, भयंकर जलद, मध्येच पियानो एकीकडे आणि व्हायोलिन दुसरीकडे, थांबले, हसले, कुठून घ्यायचं ते पेन्सिलीने दाखवलं आणि परत सुरू. तीनदा थांबले. आणि हे सगळं होत असताना डॉक्टर काय वाजवत होते? डावा हात. पियानोचाच डावा हात. मी न राहवून विचारलं, भाची मध्ये दुभाषी, की तुम्हाला कंटाळा नाही येत का, तुमचं वेगळं असं काहीच नाही यात. ते म्हणाले की मी नाही वाजवलं तर काय होतं ते ऐका. आणि त्यांनी त्या दोघींना तोच भाग चेलोशिवाय वाजवायला सांगितला.

काय सांगू. स्वर सगळे होते, एकही कमी नव्हता, पण खालची जमीनच गेली. आजचा पियानो आहे, खर्ज चांगला दणदणीत आहे, तरी गेली. कारण पियानोचा स्वर वाजला की लगेच मरायला लागतो, आणि चेलोचा स्वर वाजल्यावर वाढू शकतो. पेटीचं तेच आहे. भाता आहे तोवर स्वर जिवंत. मी तीस वर्षं जे करते त्याला एवढं सोपं करून कोणी मला दाखवलं नव्हतं.

मग सुरांवरून बोलणं निघालं. ते म्हणाले पियानोबरोबर वाजवताना त्रास असा की पियानोचे स्वर ठरलेले, बारा सारख्या भागांत कापलेले, आणि चेलोला बोट जरा सरकवून हवा तो स्वर घेता येतो. मग कुठे पियानोशी जुळवून घ्यायचं आणि कुठे आपला गोड स्वर लावायचा हे दर वेळी ठरवावं लागतं. मी म्हटलं आमच्याकडे नेमक्या याच कारणावरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती, पेटीवर श्रुती निघत नाहीत, मींड निघत नाही म्हणून, आणि ती १९७१ पर्यंत चालली. ते तिघं थक्क झाले. पियानो शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की मग साथ कशी करता? मी सांगितलं, गायक गंधारावर थांबला की मी हात हलका करते, त्याचा गंधार ऐकू येऊ देते. डॉक्टरांनी मान डोलवली, म्हणाले आम्हीही तेच करतो.

गुगलहुप्फ नावाचा केक आणि कॉफी झाल्यावर म्हणाले तुम्ही काहीतरी ऐकवा. पेटी तर नाही. मग गा म्हणाले. मी गाणारी नव्हे, पण साथ करून करून गाणं अंगात असतं. माझी पट्टी पांढरी सहा, म्हणजे त्यांचा ए. त्यांनी विचारलं तुम्हाला खाली काय हवं, तर मी म्हटलं ए आणि त्याच्या खालचा डी, दोन्ही चेलोच्या उघड्याच तारा आहेत, म्हणजे मध्यमात जुळवलेला तानपुरा तयार! त्यांनी दोन्ही तारांवर गज एकदम ठेवला, अगदी हळू, आणि मी बागेश्रीचे चार आलाप घेतले. पाचेक मिनिटं असतील. एवढ्या वर्षांत मी पुढे आणि साथ दुसऱ्याची असं पहिल्यांदाच झालं. मी मध्ये श्वासाला थांबले की त्यांचा गज किंचित भरायचा, मी आले की परत मागे. त्यांना राग माहीत नाही, भाषा माहीत नाही. माझा आवाज एकदा भरून आला, मग मी थांबलेच.

दिवस सहावा

शूबर्टचा दिवस. केटेनब्र्युकनगासे ६, दुसरा मजला, त्याच्या भावाचं घर. १९ नोव्हेंबर १८२८ ला तो इथे गेला, वय ३१. खोल्या जवळजवळ रिकाम्या आहेत. मी तिथे फार वेळ थांबू शकले नाही.

तिथून आत शहरात टुखलाउबेनला. इथे 'लाल हेजहॉग' नावाच्या इमारतीत संगीतप्रेमींच्या संस्थेचा तेव्हाचा हॉल होता, आता ते काही उरलेलं नाही, दुकानं आहेत. २६ मार्च १८२८, बीथोवनला जाऊन बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, शूबर्टने आयुष्यातला एकमेव स्वतःच्या रचनांचा जाहीर कार्यक्रम इथे केला. हॉल भरला होता, पण त्याच दिवसांत नामांकित व्हायोलिनवादक पागानिनी व्हिएन्नात आला आणि पेपरवाले सगळे त्याच्याकडे. त्या कार्यक्रमात ई फ्लॅट ट्रिओ होता, माझा कॅसेटवाला. आणि चेलोवर कोण? योझेफ लिंके. तोच, जो चौदा वर्षांपूर्वी बहिऱ्या बीथोवनला सांभाळून वाजवत होता. बीथोवनने दोन चेलो सोनाटाही त्याला डोळ्यापुढे ठेवून लिहिल्या. शुपान्त्सिग या वेळी आजारी होता, व्हायोलिनला दुसरा माणूस बसला, पण लिंके होता. ती चेलोची चाल लोकांच्या कानावर पहिल्यांदा पडली ती याच्या हातून, म्हणून रस्त्यात उभी राहून मी त्याचं नाव मोठ्याने घेतलं. ऐकायला फक्त भाची होती.

ती चाल मुळात एका स्वीडिश गाण्यावरून सुचलेली, सूर्य मावळतो अशा अर्थाचं. शूबर्टने ते एका पाहुण्या स्वीडिश गायकाकडून ऐकलं होतं. दुसऱ्या भागात चेलो ती सांगतो आणि आपल्याला वाटतं संपली, पण शेवटच्या भागात सगळी धावपळ चाललेली असताना चेलो ती पुन्हा घेऊन येतो. आणि अर्पणपत्रिका? प्रकाशकाने विचारलं तेव्हा शूबर्टने कळवलं की हे कोणालाच अर्पण नाही, ज्यांना आवडेल त्यांना. बीथोवनची यादी बघा, प्रिन्स लिखनोव्स्की, काउंटेस एर्ड्योडी, आर्चड्यूक रुडोल्फ. आणि इथे, ज्यांना आवडेल त्यांना. म्हणजे लोकलमधल्या मलासुद्धा.

दुपारी ७१ नंबरच्या ट्रामने मोठ्या स्मशानभूमीत. बीथोवन, शूबर्ट, ब्राम्स तिघं अगदी जवळजवळ, पहिल्या दोघांना १८८८ मध्ये जुन्या जागेतून इथे आणलं. पिवळी छोटी फुलं नुकतीच उगवलेली. शूबर्टपाशी आम्ही दोघींनी एकेक इअरफोन कानात घालून दुसरा भाग पूर्ण ऐकला, दहा मिनिटं, उभ्यानेच.

परत आल्यावर

ठाण्यात आल्यावर आठवड्याने भाचीने फोटो पाठवला. डॉक्टरांनी शूबर्टच्या त्या दुसऱ्या भागाचं चेलोचं पान काढून दिलं होतं, वर पेन्सिलीने त्यांच्या बोटांचे आकडे आणि श्वासाच्या खुणा. मला नोटेशन वाचता येतं थोडंफार, अक्षर अक्षर लावत दोन दिवसांत सरगम उतरवली. सी मायनर, म्हणजे पांढरी एक सा धरला तर गंधार आणि धैवत कोमल. चाल पेटीवर छान बसते, भात्याने चेलोसारखा स्वर भरताही येतो. अडचण एकच, खालची ती पियानोची पावलं मला देता येत नाहीत, कारण डावा हात भात्यावर असतो. त्याला दुसरी पेटी हवी. बुधवारी रियाजाला मैत्रीण येते, तिला या वेळी तिची पेटी घेऊन यायला सांगितलंय.